सेलमध्ये ‘गूळ’ दिसतो, मग सर्व्हरवरच्या कोडला का सापडत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकीचं समजलो असेन तर तिथेच कळेल. कोल्हापुरातल्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी तुम्ही पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. तो रोज संध्याकाळी बाजारभावाचं एक पान सर्व्हरवर उतरवून घेतो, तक्त्यात ज्या सेलमध्ये फक्त ‘गूळ’ एवढंच लिहिलंय तो सेल शोधतो आणि त्याच ओळीतले किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर उचलतो. ‘कंटेन्स’ (मजकुरात हा शब्द कुठेतरी आहे का, एवढंच बघणारी अट) वापरलं की ‘गूळ’, ‘गूळ पावडर’ आणि ‘गूळ बॉक्स’ असे तीन सेल हाती लागतात. मजकूर ‘गूळ’च्या बरोबरीचा हवा अशी अट घातली की एकही लागत नाही. नॉर्मलाइझ-स्पेस (जास्तीच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावलं तरी उत्तर रिकामंच. आणि तीच तपासणी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये इनर-टेक्स्ट (सेलचा मजकूर) घेऊन, त्याला ट्रिम (कडेच्या स्पेस कापणारं फंक्शन) लावून केली की नेमका एक सेल मिळतो. मग सर्व्हरवरच का अडतं, असं तुम्ही विचारलंय.

राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे आणि दुसऱ्यांच्या पानांवरून तक्ते उचलून हिशेबात घालण्याचं काम मी गेली 15 वर्षं करतोय. तुमच्यासारखा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो. बहुतेक जण ‘एक्सपाथ बरोबर लिहून द्या’ असं म्हणतात (एक्सपाथ म्हणजे पानातला हवा तो घटक शोधायची भाषा), पण अडचण एक्सपाथच्या वाक्यरचनेत क्वचितच असते. ‘अचूक मजकूर’ म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं. कुठला मजकूर त्या घटकाचा मानायचा, फक्त त्याचा स्वतःचा की पोटातल्या टॅगांचाही? दोन मजकूर सारखे आहेत असं कधी म्हणायचं? आणि जुळणारे शून्य निघाले किंवा दोन निघाले तर काय करायचं? हे तुम्ही ठरवलं नाही तर लायब्ररी तुमच्या वतीने ठरवते, आणि प्रत्येक लायब्ररी वेगळं ठरवते. कन्सोलने एक ठरवलं, सर्व्हरवरच्या एलएक्सएमएल या पायथन लायब्ररीने दुसरं. म्हणून दोन उत्तरं.

तुमचं पान माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला तिथे बघूनच ठरवाव्या लागतील. पण तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून माझा संशय एकाच गोष्टीवर जातो. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो. (कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगने करा.)

सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या: जो शब्द शोधताय तो सर्व्हरला मिळालेल्या उत्तरात मुळात आहे का? ब्राउझरमधलं ‘इन्स्पेक्ट’ आणि ‘व्ह्यू सोर्स’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्पेक्टमध्ये दिसतं ते जावास्क्रिप्ट चालून गेल्यावरचं, ब्राउझरने दुरुस्त केलेलं टॅगांचं झाड. तुमच्या प्रोग्रॅमला मिळतो तो कच्चा सोर्स. दर जावास्क्रिप्टने मागून भरले जात असतील, तर जगातला कुठलाही एक्सपाथ ते शोधून देणार नाही. अशा वेळी नेटवर्क टॅबमध्ये तो डेटा कुठल्या पत्त्यावरून येतो ते बघा. बऱ्याचदा तिथे सरळ जेसन मिळतो आणि एचटीएमएल फोडायची गरजच उरत नाही. दुसरा फरक टीबॉडीचा, म्हणजे तक्त्यातल्या ओळींना वेढणाऱ्या टॅगचा. सोर्समध्ये टीबॉडी लिहिलेला नसला तरी ब्राउझर स्वतःहून घालतो, एलएक्सएमएलचा पार्सर (पान वाचून टॅगांचं झाड बनवणारा भाग) घालत नाही. म्हणून इन्स्पेक्टमधून ‘कॉपी एक्सपाथ’ करून आणलेला लांबलचक रस्ता सर्व्हरवर टीबॉडीपाशी तुटतो. तो रस्ता कॉपी करायची सवयच सोडा.

याच पायरीवर एन्कोडिंगही, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी लिहिली आहेत तेही, बघून घ्या. रिक्वेस्ट्स लायब्ररी, सर्व्हरने कॅरेक्टर सेट सांगितला नसेल तर टेक्स्ट प्रकारचं उत्तर आयएसओ-8859-1 समजून वाचते आणि मराठीचा चुथडा होतो. म्हणून ‘रिस्पॉन्स डॉट टेक्स्ट’ न देता ‘रिस्पॉन्स डॉट कंटेंट’, म्हणजे कच्चे बाइट, पार्सरला द्या आणि पान यूटीएफ-8 आहे हे माहीत असेल तर पार्सरला तसं स्पष्ट सांगा. तुम्हाला ‘कंटेन्स’ने तीन सेल मिळताहेत, म्हणजे तुमचं एन्कोडिंग ठीक आहे. हा परिच्छेद पुढच्या कामासाठी.

आता मुख्य गोष्ट. सीएसएस सिलेक्टरने मजकुरावरून शोधता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सिलेक्टर्सच्या तिसऱ्या पिढीच्या जुन्या मसुद्यात ‘कंटेन्स’ होतं, पण ते पुढे काढून टाकलं. जेक्वेरीत आणि नोडवरच्या चिअरिओत दिसतं ते त्यांचं स्वतःचं वाढीव काम आहे, आणि तेही ‘आत कुठेतरी आहे का’ एवढंच बघतं. अचूक बरोबरी तिथेही नाही.

एक्सपाथमध्ये मात्र मजकुराला नीट जागा आहे. एक्सपाथ 1.0 हे 1999 सालचं प्रमाण, आणि एलएक्सएमएल आजही तेच चालवतं. त्यात तुम्ही असं लिहिलं असणार:

//टीडी[टेक्स्ट()='गूळ']

याचा खरा अर्थ: ज्या टीडीच्या (तक्त्यातल्या सेलच्या टॅगच्या) थेट पोटात असलेल्या मजकूर-तुकड्यांपैकी एखादा तुकडा अक्षर न अक्षर ‘गूळ’ आहे. सोर्समध्ये सेल उघडल्यावर नवी ओळ, मग 8 स्पेस, मग गूळ, मग पुन्हा नवी ओळ असेल तर तो तुकडा ‘गूळ’ नाही. सेलमध्ये <बी>गूळ</बी> असेल तर टीडीच्या थेट पोटात मजकूरच नाही, तो बीच्या पोटात आहे. आणि रिॲक्टसारख्या साधनाने सर्व्हरवर तयार केलेलं पान असेल, तर मजकुराच्या दोन भागांमध्ये रिकामी कॉमेंट सापडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण मजकुराचे दोन तुकडे करून टाकते. तेव्हा दोन्हीपैकी एकही तुकडा तुमच्या शब्दाशी जुळत नाही.

‘कंटेन्स(टेक्स्ट(), …)’ यात आणखी एक खड्डा आहे. एक्सपाथ 1.0 मध्ये तिथे फक्त पहिला तुकडा तपासला जातो. सेलच्या सुरुवातीला आयकॉनचा स्पॅन असेल आणि त्याच्या आधी नुसती नवी ओळ असेल, तर पहिला तुकडा म्हणजे ती नवी ओळ. स्पॅननंतरचा ‘गूळ’ कोणी बघतच नाही.

म्हणून मी टेक्स्ट() जवळजवळ वापरतच नाही. मी बिंदू वापरतो:

//टीडी[नॉर्मलाइझ-स्पेस(.)='गूळ']

बिंदू म्हणजे त्या घटकाच्या पोटातला सगळा मजकूर, कितीही खोल टॅगांतला, सलग जोडून. कॉमेंट त्यात येत नाही. पण टीडीच्या जागी तारा टाकून ‘कुठलाही घटक’ म्हटलंत, तर बी, त्याला धरून बसलेला टीडी, आणि ओळीत एकच सेल असेल तर टीआर (ओळीचा टॅग) सुद्धा, सगळे जुळतात, कारण सगळ्यांच्या पोटातला मजकूर तोच. घटकाचं नाव नक्की सांगा, किंवा सगळ्यात आतला घ्या. तक्त्यासाठी टीडी आणि टीएच (शीर्षकाचा सेल) पुरतात.

ब्यूटिफुल सूप ही पायथन लायब्ररीही वापरून बघितली असं तुम्ही म्हणताय, म्हणून त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. तिथे ‘स्ट्रिंग’ हा पॅरामीटर (आधी त्याला ‘टेक्स्ट’ म्हणत, 4.4.0 पासून नाव बदललं) टॅगच्या ‘डॉट स्ट्रिंग’शी तुलना करतो. टॅगच्या पोटात एकापेक्षा जास्त गोष्टी असल्या की डॉट स्ट्रिंग नन, म्हणजे ‘काहीच नाही’, होते आणि तो टॅग शोधातून गुपचूप गळतो. दुसरी गोष्ट ‘गेट-टेक्स्ट’ला स्ट्रिप ट्रू देण्याची. ते प्रत्येक तुकड्याच्या कडा कापतं आणि मधे काहीही न घालता जोडतं. ‘गूळ <स्मॉल>पावडर</स्मॉल>’ याचं ‘गूळपावडर’ होतं. मग ‘गूळ पावडर’ शोधणाऱ्याला काही सापडत नाही. जोडताना मधे स्पेस घालायला सांगा.

आता तुमच्या सेलकडे. नॉर्मलाइझ-स्पेस लावूनही तो का सापडला नाही? एक्सपाथच्या लेखी स्पेस म्हणजे चारच अक्षरं: साधी स्पेस, टॅब, आणि नव्या ओळीची दोन. एचटीएमएलमध्ये रकाना नीट दिसावा म्हणून जी ‘एनबीएसपी’ (न तुटणारी स्पेस) टाकतात, तिचा युनिकोडमधला आकडा 160. ती या चारांत नाही. नॉर्मलाइझ-स्पेस तिला हात लावत नाही. जावास्क्रिप्टचा ट्रिम मात्र 160 कापतो, आणि पायथनचा स्ट्रिपही. तुमच्या कन्सोलमध्ये चाललं ते ट्रिममुळे, आणि सर्व्हरवर अडलं ते एक्सपाथमुळे. कोल्हापुरात आलेल्या पाहुण्याला तांबडा रस्सा तिखट लागतो आणि आपल्याला लागत नाही, तसंच इथेही: रस्सा तोच, मोजणारी जीभ वेगळी.

अंदाजावर थांबू नका, डोळ्यांनी बघा. मी कुठल्याही अडलेल्या सेलवर पहिल्यांदा हेच करतो. ‘कंटेन्स’ने तो सेल पकडायचा, त्याचा मजकूर घ्यायचा आणि प्रत्येक अक्षराचा ऑर्ड, म्हणजे युनिकोडमधला आकडा, छापायचा. स्वच्छ ‘गूळ’ हा तीन आकड्यांचा शब्द आहे: 2327, 2370, 2355. ग, दीर्घ ऊकार, ळ. मागच्या महिन्यात आमच्याकडे अडलेल्या एका सेलने सहा आकडे दिले: 10, 160, 2327, 2370, 2355, 8203. सुरुवातीचा 10 म्हणजे नवी ओळ, 160 म्हणजे ती एनबीएसपी, आणि शेवटचा 8203 म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, जी कुठून तरी कॉपी-पेस्ट करताना शब्दाला चिकटून येते. ही शेवटची तर जावास्क्रिप्टचा ट्रिमही कापत नाही, पायथनचा स्ट्रिपही नाही. स्क्रीनवर शंभर वेळा बघितलं असतं तरी ती दिसली नसती. आकडे छापायला 2 मिनिटं लागतात आणि त्यांनी माझे कित्येक तास वाचवलेत.

एवढ्यासाठीच असेल तर एक्सपाथमध्ये ट्रान्सलेट (एका अक्षराजागी दुसरं घालणारं फंक्शन) लावून 160 ची साधी स्पेस करता येते आणि मग नॉर्मलाइझ-स्पेस नीट चालतं. तुमचं आजचं काम त्यावर भागेल. पण मी तिथे थांबत नाही, कारण मराठी मजकुरात याहून खोल गोष्टी आहेत आणि इंग्रजीतली उदाहरणं वाचून त्या कधीच कळत नाहीत.

‘शेतकऱ्याचे नाव’ हा रकाना घ्या. यातला ‘ऱ्या’ संगणकात निदान तीन प्रकारे साठवलेला मला सापडलाय. पहिला प्रकार: ऱ हे एकच अक्षर (2353), मग हलन्त, मग य. दुसरा: साधा र (2352), वेगळा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (2364), हलन्त, य. तिसरा: साधा र, हलन्त, मग 8205 हे न दिसणारं, जोडणारं अक्षर, मग य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. कोडला हे तीन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असेल तर त्याचं ठरलेलं एक रूप) घेतलं की पहिला आणि दुसरा एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हाला हाताने बदलावा लागतो: र, हलन्त, 8205 असा क्रम दिसला की त्याजागी ऱ आणि हलन्त.

आणि इथे क्रम चुकला तर नुकसान होतं. कित्येक जण ‘न दिसणारी अक्षरं काढून टाका’ म्हणून आधी 8205 पुसतात. मग तिसऱ्या प्रकारातला ‘ऱ्य’ सरळ ‘र्य’ होतो. आपल्या भाषेत हे दोन्ही आवाज वेगळे आहेत. आचाऱ्यांना बोलावणं आणि आचार्यांना बोलावणं यात घरच्या कार्याचं जेवण कोण रांधणार हा फरक आहे. दऱ्या आणि दर्या यांतही तोच. म्हणून आधी बदल, मग एनएफसी, मग उरलेली न दिसणारी अक्षरं पुसणं. मी हा क्रम कोडमध्ये कॉमेंटसकट लिहून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी नवा मुलगा ‘नीटनेटकं’ करायला जातो आणि ओळी वर-खाली होतात.

तसाच ॲ. ‘ॲडव्हान्स’, ‘ॲव्हरेज’ हे शब्द आपल्या तक्त्यांत सर्रास असतात. ॲ हे स्वतंत्र अक्षर (2418) युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीच्या सवयीने, आणि काही कीबोर्डांवर आजही, लोक अ लिहून त्यावर चंद्र देतात: 2309 आणि 2373. एनएफसी या दोघांना एक करत नाही. हेही हातानेच.

विसर्गाचंही बघा. टाइप करणारा माणूस ‘नाव’पुढे कोलन द्यायचा म्हणून विसर्गाची कळ दाबतो, कारण दिसायला सारखंच. कोलन 58, विसर्ग 2307. आणि उलट, ‘दुःख’ कोलन देऊन लिहिलेलं. इथे मात्र मी सगळ्या विसर्गांचे कोलन करत नाही. शीर्षकाच्या अगदी शेवटी आलेलं चिन्ह, मग ते कोलन असो की विसर्ग, तेवढंच काढतो. शब्दाच्या पोटातल्याला हात लावत नाही.

‘1 किलो बॉक्स’ आणि ‘१ किलो बॉक्स’ यांतला अंकांचा फरकही असाच. शोधताना दोन्हीकडचे अंक एका लिपीत आणा. पायथनचा इंट देवनागरी अंक वाचतो, जावास्क्रिप्टचा नंबर वाचत नाही, पीएचपी तर न बोलता शून्य देतो. दराच्या जागी शून्य आलं तर हिशेब पुढे चालूच राहतो, म्हणून ते जास्त वाईट.

आता ‘गूळ’ आणि ‘गुळ’. तुमच्या यार्डातल्या पाट्यांवरही दोन्ही सापडतील. हा फरक मी वरच्या सफाईत घालत नाही. माझा नियम असा की जो फरक डोळ्याला दिसत नाही तो कोडने मिटवायचा, आणि जो दिसतो तो माणसाने यादीत लिहायचा. ‘गूळ’साठी मान्य नावं: गूळ, गुळ. अशी दोन नावांची यादी करा आणि त्यांपैकी एकाशी बरोबरी बघा. ऱ्हस्व-दीर्घ सगळीकडे एक करणारा नियम लिहिलात, तर दिन आणि दीन एक होतील आणि कधी झाले ते कळणारही नाही. तसंच ‘साधारण जुळतंय’ असं मोजणाऱ्या लायब्ऱ्याही इथे नकोत. शिरोली आणि शिरोळ त्यांना जवळजवळ सारखेच वाटतात, आणि आपल्या जिल्ह्यात ती दोन वेगळी गावं आहेत.

इथवरचं दोन वाक्यांत: शब्द सर्व्हरच्या उत्तरात आहे का ते बघायचं, घटकाचा सगळा मजकूर बिंदूने घ्यायचा, आकडे छापून खरा फरक शोधायचा. आणि तुलना स्वच्छ केलेल्या मजकुराची करायची, कच्च्या मजकुराची नाही.

माझ्या कोडची घडण त्यामुळे अशी असते. एक्सपाथला मी अचूक बरोबरी करायला लावतच नाही. त्याने फक्त मैदान लहान करायचं: अमुक तक्ता, त्यातले सगळे टीडी. मग पायथनमध्ये एकच छोटं फंक्शन, नाव ‘स्वच्छ’. ते र-हलन्त-8205 बदलतं, एनएफसी करतं, अ आणि चंद्राचा ॲ करतं, 8203, 8204, 8205, 65279 आणि 173 ही अक्षरं काढतं, देवनागरी अंक बदलतं, आणि शेवटी स्प्लिट करून एका स्पेसने जोडतं. काही न देता केलेला स्प्लिट 160 वरही तोडतो, त्यामुळे तिचा प्रश्न आपोआप सुटतो. हे फंक्शन दोन्ही बाजूंना लागलं पाहिजे: पानावरच्या मजकुरालाही आणि तुमच्या शोधशब्दालाही. ही चूक फार होते. पानाची बाजू धुऊन काढतात, पण कोडमध्ये टाइप केलेला शब्द तसाच ठेवतात, आणि तो शब्दच कुठल्या तरी चॅटमधून कॉपी केलेला असतो.

शब्द एक्सपाथमध्येच द्यायचा असेल तर तो वाक्यात जोडून देऊ नका. नावात एकेरी अवतरण आलं की एक्सपाथ 1.0 मध्ये ते झाकायची सोयच नाही, कॉन्कॅटची (तुकडे जोडायची) कसरत करावी लागते. एलएक्सएमएलमध्ये डॉलरचं चिन्ह लावून व्हेरिएबल देता येतो, तो वापरा. शब्द बाहेरच्या माणसाने फॉर्ममध्ये भरलेला असेल तर ही काळजी सुरक्षेसाठीही लागते.

आणि आता ते, ज्यासाठी मी इतकं लांब लिहायला बसलो. सापडलेले सेल मोजा. एकच असला तर पुढे जा. शून्य किंवा दोन असले तर प्रोग्रॅम थांबला पाहिजे आणि कोणाला तरी निरोप गेला पाहिजे. ‘पहिला सापडलेला घ्या’ हे कोडमध्ये एक शब्द लिहून होतं, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी शाहूपुरीतल्या एका गोदामवाल्यांसाठी मी पंचगंगेच्या पातळीचा निरोप देणारा प्रोग्रॅम लिहिला होता. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात बंधाऱ्यांची पातळी देणारं एक पान होतं: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी अशा ओळी. मी ‘राजाराम’ कंटेन्सने शोधला आणि पहिला सेल घेतला. दोन महिने बिनचूक चाललं. मग जुलैतल्या एका रात्री पानाच्या वरच्या भागात बंद रस्त्यांचा नवा तक्ता आला. त्यात ‘राजाराम बंधारा मार्ग’ अशी ओळ होती आणि तिच्या शेजारच्या सेलमध्ये किती दिवस बंद त्याचा आकडा, 3. माझ्या प्रोग्रॅमने पातळी 3 फूट अशी नोंदवली आणि शांत बसला. नदी 39 च्या वर गेलेली होती. गोदामाच्या मालकांना ते शेजाऱ्याकडून कळलं. रात्रभर हमाल लावून त्यांनी खालच्या थरातली पोती वर चढवली, थोडी भिजलीच. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘साहेब, निरोप आला नाही म्हणून आम्ही झोपलो होतो.’’ ते वाक्य मला अजून आठवतं.

त्यानंतर तीन गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. शोध नेहमी विशिष्ट तक्त्याच्या आत करायचा, आणि तो तक्ताही त्याच्या शीर्षक-ओळीतल्या मजकुरावरून ओळखायचा. संख्या एकच आहे याची खात्री करायची. आणि आलेला आकडा शक्यतेत बसतो का ते बघायचं: भर पावसात काल 36 असलेली पातळी आज 3 होत नाही. तुमच्या बाबतीत, किमान दर कमाल दरापेक्षा जास्त निघाला किंवा दर कालच्या दुप्पट झाला तर आकडा हिशेबात न घालता माणसाला दाखवा. रकानाही क्रमांकाने धरू नका. ‘सर्वसाधारण दर’ हे शीर्षक कितव्या टीएचमध्ये आहे ते याच ‘स्वच्छ’ फंक्शनने शोधा आणि तोच क्रमांक ओळीत वापरा. मधे एखादा रकाना वाढला तरी तुमचा दर सरकणार नाही.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. जावातल्या जेसूपमध्ये ‘कंटेन्स’ लहान-मोठं अक्षर सारखंच धरतं हे लक्षात ठेवा, आणि अचूक हवं तर सेल घेऊन कोडमध्ये गाळा. सी-शार्पच्या एचटीएमएल ॲजिलिटी पॅकमध्ये इनर-टेक्स्ट एन्टिटी उलगडत नाही, एनबीएसपी जशीच्या तशी अक्षरांत लिहिलेली येते. ती आधी उलगडून घ्या. पीएचपीत जुना डॉम-डॉक्युमेंट एन्कोडिंग सांगितलं नसेल तर मराठी बिघडवतो. पीएचपी 8.4 मध्ये एचटीएमएल 5 प्रमाणे वाचणारा नवा पार्सर आलाय, शक्य असेल तर तो घ्या. पीएचपीच्या ट्रिमचा एक धोका मात्र नीट सांगतो. तो 160 कापत नाही म्हणून काही जण त्याच्या यादीत एनबीएसपीचे दोन बाइट घालतात. ट्रिम अक्षरं बघत नाही, बाइट बघतो. ‘ठ’ या अक्षराचा यूटीएफ-8 मधला शेवटचा बाइट नेमका एनबीएसपीच्या शेवटच्या बाइटइतकाच आहे. परिणामी ‘मीठ’ आणि ‘पीठ’ या शब्दांचं शेवटचं अक्षर फुटतं, बाकी सगळा किराणा ठीक राहतो. आम्हाला हे एका दुकानाच्या यादीत सापडलं तेव्हा दोन दिवस गेले होते. पीएचपीत रेग्युलर एक्स्प्रेशनला यू लावून स्पेस काढा, किंवा 8.4 मधला एमबी-ट्रिम वापरा.

वेगाची चिंता करू नका. एका पानावर दोन-तीनशे सेल असतात. ते सगळे पायथनमध्ये धुऊन तुलना करायला लागणारा वेळ पान उतरवायच्या वेळेपुढे काहीच नाही. हजारो नावं शोधायची असतील तर एकदाच सगळे सेल स्वच्छ करून डिक्शनरीत ठेवा, आणि किल्ली आधीच असेल तर तिथेच आवाज करा.

घटकाला आयडी किंवा डेटा ॲट्रिब्यूट असेल तर मजकुरावर जाऊच नका, ते जास्त टिकाऊ. पण आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत तसं काही नसतं, मजकूर हीच एक खूण असते. पान ज्यांचं आहे त्यांच्याकडे एक्सेल किंवा सीएसव्ही मिळते का हेही एकदा विचारून बघा. दोन वेळा मला नुसतं विचारल्यावर मिळालेली आहे.

आज संध्याकाळी दर आल्यावर एवढं करा: ‘कंटेन्स’ने मिळणाऱ्या तीन सेलांपैकी पहिल्याचे ऑर्ड छापा. 2327 च्या आधी 160 दिसला तर वरच्या फंक्शनने काम होईल. तो नसेल तर सगळे आकडे आणि त्या टीडीचा कच्चा सोर्स, उघडणाऱ्या टॅगपासून बंद होणाऱ्या टॅगपर्यंत, इथेच लिहा. रात्री बघून सांगतो.